विहीणबाईंचं वेगळं ताट

डमडम, कोलकाता
१० जून २०२४

विहीणबाई विमलताईंना शकुनचा नमस्कार. हे पत्र स्वयंपाकघरात दार लावून वाचा.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल. तुमच्याकडे फोन शशिकांतराव उचलतात आणि स्पीकर लावून सगळ्या आळीला ऐकवतात. माझ्याकडे तुमचा जावई अजेय फोन लावून देतो आणि शेजारी उभा राहून माझी वाक्यं दुरुस्त करतो. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेय. पत्र लिहिता येतं, आणि पत्रात मधेच कोणी बोलत नाही.

तर ऐका. गेल्या महिन्यात बघते तो नूपुरने स्वतःचा कप वेगळा ठेवलेला. मग ताट वेगळं, वाटी वेगळी. घासायलाही स्वतःच नेते. मला वाटलं, झालं, पोरगी आईवर गेली! लग्नात तुम्ही नाव घातलेलं ताट, वाटी आणि फुलपात्र पिशवीतून आणलं होतंत, ते मी विसरले नाही. मी पेढा भरवायला आले तर तुम्ही दोन पावलं मागे सरकलात. इथल्या म्हाताऱ्या विधवा मासे सोडतात, मी आमचे श्यामराव गेल्यावर धरले. म्हटलं, आमच्या इलिशच्या वासाने विहीणबाईंचं सोवळं मोडत असेल. आता तेच सोवळं लेकीत उतरलं, म्हणून मी दोन दिवस तिला मनसोक्त टोमणे मारले. तिसऱ्या दिवशी ती त्या कपावर डोकं ठेवून रडायला लागली.

तेव्हा कळलं. तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं त्यात हिपॅटायटिस बी निघालाय. आपण पांढरी कावीळ म्हणतो ना, त्यातला हा प्रकार. तिला काही होत नाही, चांगली खाते, पायऱ्या चढते. भीती बाळाची आहे. जन्मताना आईच्या रक्तातून बाळाला लागतो. मोठ्या माणसाला लागला तर बहुतेक वेळा अंग त्याला हाकलून देतं, पण त्या वेळी लागला तर दहातल्या नऊ पोरांच्या अंगात कायमचं बिऱ्हाड करतो आणि चाळिशीत लिव्हर खातो. उपाय आहे. बाळ जन्मलं की बारा तासांच्या आत दोन सुया. एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत लगेच काम करणारं तयार औषध. मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पुन्हा लस. एवढं केलं की पोर जवळजवळ सुटलंच म्हणायचं.

म्हणून बाळंतपण इथेच करायचं. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तुमचा हक्क. तो मी दिवसाढवळ्या लुटतेय. दुष्ट सासू म्हणा, चालेल.

नूपुरने माझ्याकडून देवासमोर वचन घेतलं होतं, आईला सांगायचं नाही म्हणून. मी दिलं. मग देवाला म्हटलं, तू ऐकलं नाहीस असं समज.

तुमची,
शकुन

⁂

फलटण
२० जून २०२४

गं. भा. शकुनताई यांस,
सा. न. वि. वि.

आपले पत्र पोहोचले. वाचून धक्का बसला. आमच्या घराण्यात असला रोग कधीही कुणाला झालेला नाही, हे प्रथम नमूद करते. नूपुर आमच्याकडे होती तोवर तिला साधी सर्दीसुद्धा क्वचित होई. कोलकात्याचे पाणी, ते रस्त्यावरचे पाणीपुरीसारखे पुचके, मासळी, यातून काय काय होते ते आपण जाणताच. अजेयरावांची तपासणी केली आहे काय? विचारल्याबद्दल राग नसावा.

येथे एक वैद्यबुवा काविळीची माळ मंतरून देतात. ती पाकिटातून पाठवली आहे. माळ जसजशी लांब होत जाते तसतशी कावीळ उतरते. नूपुरच्या गळ्यात घालावी.

दुसरे असे की आमच्याकडे पाचवी पूजेपर्यंत बाळाला सुई टोचत नाहीत. पाचवी झाली की काय त्या लसी द्याव्यात. पाच दिवसांनी असे काय बिघडणार?

डोहाळजेवण येथेच करण्याचे ठरले आहे. आमचा सारंग २७ जुलैला तिला घेण्यास येत आहे. जाण्यायेण्याची तिकिटे काढली आहेत.

आपली,
सौ. विमल

⁂

डमडम
२८ जून २०२४

विहीणबाई,

गंगा भागीरथी लिहिलंत, बरं वाटलं. इथे हुगळी आहे, तिच्यावर भागवते.

तुमच्या हुकमाप्रमाणे अजेयचं रक्त तपासलं. निगेटिव्ह. राग कसला, चांगलं सुचवलंत. घरातल्या सगळ्यांनी तपासायचंच असतं, असं डॉक्टर म्हणाल्या. मग माझंही तपासलं. तेही निगेटिव्ह. बक्षीस म्हणून सहासष्टाव्या वर्षी दंडात लस मिळाली, अजून दोन राहिल्यात. नर्सने विचारलं, "माशीमा, भय लागछे?" म्हणजे, मावशी, भीती वाटतेय का? म्हटलं, मी लग्न करून एकटी हावड्याला उतरले तेव्हा लागलं होतं, त्यानंतर नाही.

पुचक्याचं म्हणाल तर तेही मी विचारून आले. पाण्यातून होते ती कावीळ वेगळी, ती येते आणि जाते. ही रक्तातून येते. पुचकेवाला निर्दोष सुटला. त्या आनंदात मी सहा खाल्ले.

डॉक्टरांचं नाव अश्विनी. आपल्यातलीच, पण जन्म इथला, त्यामुळे तिचं मराठी बंगालीत भिजवून काढलेलं आहे. "काकू, बाळाला दोन सुई लागणार, आधी, खूप आधी, पूजा पोरे." पूजा नंतर. तुम्हाला एवढंच कळवायचं होतं.

पाच दिवसांनी काय बिघडणार, तर सगळंच. तो विषाणू काही पाचवीच्या आमंत्रणाची वाट बघत बसत नाही. सहाव्या दिवशी सटवाई कपाळावर लिहायला येते ना? इथे बंगाल्यांकडे त्या कामाला विधाता येतो. आपल्याकडे बाई, यांच्याकडे पुरुष. कोणीही येवो, लिहायच्या आधी पाटी कोरी असलेली बरी. पूजा मी साग्रसंगीत करीन, वरवंटा मांडीन, कोयताही ठेवीन. लोखंड चालतं आणि सुई चालत नाही, हे मात्र मला समजावून सांगा.

माळ घातली. तीन दिवसांत सुकून गळ्यातून पोटावर आली. दोऱ्याने नियम पाळला. रक्तातला आकडा होता तिथेच आहे. म्हणून डॉक्टरांनी रोजची एक गोळी सुरू केलीय, बाळंतपणापर्यंत तो खाली यावा म्हणून.

सारंगला जरूर पाठवा. जाताना रिकामा जाईल.

शकुन

⁂

फलटण
८ जुलै २०२४

गं. भा. शकुनताई यांस,

आपल्या थट्टेस उत्तर देण्याइतके आमचे मन सध्या ठिकाणावर नाही.

नूपुरशी फोनवर बोलणे झाले आहे. ती येण्यास तयार आहे. इथेही प्रसूतिगृह आहे. इथेही मुले जन्मतात आणि मोठी होतात. नूपुरही इथेच झाली, सुईणीच्या हातून, आणि तिला जन्मल्यावर एकही सुई टोचली नव्हती. आज ती आपल्या घरात लक्ष्मी म्हणून वावरते आहे.

सारंग २७ तारखेस पोहोचेल. कृपया तिची बॅग भरून ठेवावी.

सौ. विमल

⁂

डमडम
१ ऑगस्ट २०२४
(सारंगच्या हाती. डिंकाने चिकटवलंय. फोडलेलं दिसलं तर त्याचा कान धरा.)

विमलताई,

तुमचा मुलगा परत येतोय, एकटा. नूपुरने तुम्हाला हो म्हटलं आणि फोन ठेवून बॅग भरायला घेतली. बॅगेत पहिली वस्तू कुठली घातली माहीत आहे? तिचा तो वेगळा कप. मी तो काढून घेतला आणि म्हटलं, जा, पण आधी आईला विचार, दुसरं औषध फलटणच्या दवाखान्यात आणून ठेवलंय का. तिने सारंगला विचारलं. सारंग म्हणाला, "कुठलं औषध? आई म्हणाली, तिला नुसता अशक्तपणा आहे." मग ती खाली बसली आणि बॅगेतून एकेक कपडा बाहेर काढू लागली. मी ते घडी करून कपाटात परत ठेवत गेले.

सारंगला सगळं सांगितलं. चांगला मुलगा आहे. त्याचं रक्त तपासून घेतलं. निगेटिव्ह आलं, पहिली लसही दिली. दोन दिवस त्याला एस्प्लनेडला फिरवलं, खाऊ घातलं.

काल जेवताना सहज म्हटलं, तुझी आई कधीपासून रे एवढी सोवळ्याची? नूपुरच्या लग्नातही ताट घेऊन आल्या होत्या. तो म्हणाला, "आधी नव्हती हो. पूर्वी आम्ही एकाच ताटात जेवायचो, आई घास भरवायची. तिचं पिशवीचं ऑपरेशन झालं ना, मी कॉलेजात होतो तेव्हा, त्यानंतर गुरूंनी सांगितलं."

माझा घास हातातच राहिला.

विहीणबाई, मी काही डॉक्टर नाही. पण कप वेगळा ठेवणाऱ्या दोनच बायका मी आयुष्यात पाहिल्या. एकीचं कारण मला तिच्या रडण्यातून कळलं. दुसरीचं सोवळं ऑपरेशननंतर सुरू झालं, आणि ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात.

डॉक्टर अश्विनींनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, नूपुरला हे बहुतेक लहानपणीच लागलं असणार, जास्त करून आईकडून. मी ते तुम्हाला लिहिलं नाही. तुम्ही अजेयवर आलात तरी लिहिलं नाही. मला वाटलं, तुम्हाला माहीत नसणार, उगाच जिवाला लागेल. आता वाटतंय, मी तुम्हाला फारच साधं समजले.

चुकत असेन तर दहा शिव्या लिहून पाठवा, फ्रेम करून लावीन. बरोबर असेन तर हे पत्र जाळा आणि मला दोन ओळी लिहा.

शकुन

⁂

डमडम
१९ ऑगस्ट २०२४

विहीणबाई,

शिव्याही नाहीत, ओळीही नाहीत. पोस्टमन मला जिन्यावर बघून आता दुसऱ्या बाजूने जातो. नूपुर बरी आहे. गोळीने आकडा पुष्कळ खाली आलाय. पाय सुजलेत, नाक फुगलंय, माझ्यावर ओरडते. म्हणजे सगळं ठीक.

रागावला असाल तर रागाचं पत्र लिहा. नुसत्या गप्प बसू नका. गप्प बसणं हे माझं काम नाही आणि तुम्हालाही ते शोभत नाही.

शकुन

⁂

फलटण
२७ ऑगस्ट २०२४

शकुनताई,

हे पत्र चार वेळा लिहिलं आणि फाडलं. आता फाडणार नाही, जे येईल ते येईल.

तुमचं बरोबर आहे.

बारा वर्षं झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर कागद घेऊन आले, तेव्हा हे चहाला खाली गेले होते. डॉक्टर म्हणाले, तुमच्या रक्तात हे आहे, घरातल्यांची तपासणी करून घ्या, मुलांचीही. मी म्हटलं, हो. हे वर आले तेव्हा कागद माझ्या पदराखाली होता. विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? म्हटलं, रक्त कमी आहे.

नूपुर तेव्हा पंधराची होती. दोन्ही मुलांची लग्नं व्हायची होती. फलटण किती मोठं? लॅबवाल्याची बहीण आमच्या भिशीत. आज रक्त दिलं तर उद्या संध्याकाळी हळदीकुंकवाला सगळ्यांना ठाऊक झालं असतं. मी विचार केला, लग्नं होऊ देत, मग बघू. लग्न झालं आणि मग वाटलं, आता कोणत्या तोंडाने सांगू?

कागद पोथीत ठेवला. रोज सकाळी पोथी काढते, कागद बघते, परत ठेवते. लोक म्हणतात, विमलवहिनींचं वाचन एक दिवस चुकत नाही. हे तर सगळ्यांना अभिमानाने सांगतात.

माझ्यामुळे घरात कुणाला लागू नये म्हणून ताट वेगळं केलं. गुरूंनी सांगितलं म्हटलं. गुरू कोण, कुठले, कुणी विचारलंसुद्धा नाही. सोवळं म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही, उलट पाया पडतात. मुलांना भरवणं सोडलं. सारंग एकदा माझ्या ताटातला लाडू उचलायला आला, मी त्याच्या हातावर मारलं. तो हसला, म्हणाला, आई फार कडक झाली. नूपुरच्या लग्नात तुम्ही पेढा घेऊन आलात. तुमचा हात माझ्या ओठाला लागेल आणि तुम्हालाही होईल, म्हणून मी मागे सरकले. तुम्हाला तो तोरा वाटला. मला त्या वेळी तो वाटलेलाच बरा होता.

तुमच्या पहिल्या पत्रात नूपुरच्या कपाचं वाचलं आणि मी देवघरात जाऊन बसले. तुम्हाला अजेयरावांबद्दल लिहिलं, पुचक्यांबद्दल लिहिलं. लिहिताना मला माहीत होतं. तिला इकडे आणायची घाई का, तर तिकडे डॉक्टर घराणं विचारतील, खोदतील. इथे कोणी विचारत नाही. दोन सुयांचं मी खरंच मनावर घेतलं नव्हतं, किंवा घ्यायला घाबरले. मी काय करायला निघाले होते, ते सारंग रिकाम्या हाताने दारात उभा राहिला तेव्हा कळलं.

तुम्ही सुया द्या. पाचवीबिचवीची वाट बघू नका.

मी येत नाही. बाळाला माझा हात नको. लेकीला दिलं ते पुरे झालं. नूपुरला यातलं काही सांगू नका, एवढं माझं ऐका.

विमल

⁂

डमडम
४ सप्टेंबर २०२४

विमलताई,

पत्र वाचून आधी मी रडले. मग गुरू कोण हे कुणी विचारलं नाही, त्या ओळीवर हसले. मग परत रडले. वयाने डोळे असेही गळतात, त्यामुळे हिशेब लागला नाही.

आता जरा कडू बोलते. गोड पुष्कळ जण बोलतील.

हा रोग ताटातून पसरत नाही. कपातून नाही, हातातून नाही, पेढ्यातून नाही, मांडीवर घेऊन, पापा घेऊन नाही. डॉक्टर अश्विनींना मी तीनदा विचारलं, चौथ्यांदा त्यांनी लिहून दिलं. रक्ताचा रक्ताशी संबंध यावा लागतो. आपलं ब्लेड, टूथब्रश आणि सुई वेगळी ठेवायची, जखम झाकायची, झालं. नवऱ्याने मात्र तपासून लस घ्यायची. म्हणजे बारा वर्षं तुम्ही जे वेगळं ठेवलंत त्याला वेगळं ठेवायचं कारण नव्हतं, आणि जे करायला हवं होतं ते पोथीत घडी करून ठेवलंत. इतकी मेहनत चुकीच्या जागी मी श्यामरावांच्या बँकेतसुद्धा पाहिली नाही.

कडू संपलं.

तुम्ही लेकीला "दिलं" म्हणता. तुम्हाला कोणी दिलं? तुमच्या आईने असेल, त्यांना त्यांच्या आईने. कुणालाच माहीत नव्हतं. पत्रिकेत एकतीस गुण जुळले म्हणून आपण दोघी किती मिरवलो! त्या छत्तिसात रक्ताचा एकही गुण नसतो. ही माळ बायकांच्या हातून बायकांकडे चालत आलीय. ती तुमच्या पिढीत तुटली नाही. नूपुरच्या पिढीत बारा तासांत तुटणार आहे. ते बघायला तुम्ही नाही आलात तर मग कोण येणार, लॅबवाल्याची बहीण?

तुमचंही लिव्हर तपासून घ्या. दर सहा महिन्यांनी बघावं लागतं. फलटणला नको असेल तर पुण्याला जा, साडी घ्यायला जाते म्हणून सांगा. तुम्हाला कारणं शोधायला शिकवायची गरज नाही.

नूपुरला सांगायचं नाही म्हणालात. दिलं वचन. माझ्या वचनाची किंमत तुम्हाला ठाऊक आहेच, पण या वेळी मी खरंच काही बोलणार नाही. तुमचं पत्र मी उशीखाली ठेवलंय. माझी चादर आणि उशी नूपुर दर मंगळवारी स्वतः बदलते, मी नको म्हटलं तरी.

आज बुधवार आहे. पत्र मी काल ठेवलं होतं, सकाळी.

शकुन

⁂

डमडम
२१ सप्टेंबर २०२४

विमलताई,

मुलगा झाला, वजन वगैरे फोनवर कळलंच. स्पीकरवर सांगता आलं नाही ते आता सांगते.

परवा सकाळी पावणेबाराला झाला. मी घड्याळाकडे बघून बोटं मोजली, बारा तास म्हणजे रात्री पावणेबाराच्या आत. लस दवाखान्यात होती, ती अर्ध्या तासात दिली. रडला, असा रडला की पाळणे सगळे जागे झाले. दुसरं औषध सहज मिळत नाही म्हणून अजेयने महिनाभर आधी आणून आमच्या फ्रिजमध्ये ठेवलं होतं. नर्सने मागितलं. अजेयने खिसे चाचपले. बाप झाल्याच्या आनंदात औषध डमडमला दह्यामागे आणि हा सियालदहच्या दवाखान्यात.

तो टॅक्सी शोधायला धावला. रस्त्यावर मिरवणूक. मी म्हटलं, तू बायकोपाशी बस, लोकलने वीस मिनिटं लागतात, मी जाते. घरी पोचले, थर्मास घेतला, बर्फ नाही. फ्रिजचा बर्फाचा ट्रे मी सकाळीच सरबतात संपवलेला. खाली मासळीवाल्या सलीलकडे गेले. म्हटलं, बर्फ दे, माशाशिवाय. त्याने नातवासाठी म्हटल्यावर नवीन लादी फोडली. औषध गोठलं तर बाद होतं, म्हणून मधे टॉवेल गुंडाळला. गाडीत मी थर्मास मांडीवर घेऊन बसले. शेजारची बाई म्हणाली, दादूचा, म्हणजे आजोबांचा, चहा? म्हटलं, नाही, नातवाचं नशीब.

सव्वादोनला पोचले. औषध अडीचच्या आत दुसऱ्या मांडीत. पावणेबाराला नऊ तास बाकी. सटवाईला अजून पाच दिवस. विहीणबाई, तुमच्या नातवाच्या नशिबाला इलिशचा वास आहे. सोवळ्यात चालेल ना?

नूपुरने त्याला लगेच पाजलं. डॉक्टर म्हणाल्या, पाजायचंच. पाजता पाजता ती म्हणाली, "आत्या," - मला ती आत्याच म्हणते, सासूबाई म्हणाली की मी उत्तर देत नाही - "आईला पत्र लिहाल ना? लिहा की मला माहीत आहे. मी रागावले होते, दोन दिवस. मग वाटलं, मी पण तर तिच्यापासून लपवलंच. आणि लिहा, मी याला दूध पाजलं, पापा घेतला, माझ्या ताटातलं सगळे खातात. मग आजीने हात लावायला काय झालं?"

आता मला सांगा काय झालं.

शकुन

⁂

फलटण
३० सप्टेंबर २०२४

शकुनताई,

यांना सांगितलं. मला वाटलं, आता आकाश कोसळेल. हे चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "अगं, तुझं सोवळं मी बारा वर्षं गावभर मिरवलं! मास्तरांच्या मंडळात भाषण केलं त्यावर!" त्यांना राग त्याचा जास्त आहे. तपासणी झाली, निगेटिव्ह. पहिली लस घेतली आणि नर्सला म्हणाले, जोरात टोच, माझी शिक्षा आहे ही.

माझं लिव्हर पुण्यात दाखवलं. सध्या ठीक आहे. साडीही घेतली, खोटं नको म्हणून.

लॅबवाल्याच्या बहिणीला मीच सांगितलं, भिशीत, सगळ्यांसमोर. नंतर दोघी जणी मला जिन्यात गाठून विचारून गेल्या, तपासणी कुठे करतात म्हणून.

सहा ऑक्टोबरच्या गाडीने निघतोय. इथून काय आणू? ताट आणू का?

विमल

⁂

डमडम
२५ जुलै २०२५

विमलताई,

ऋषभचा रिपोर्ट आला. दहा महिन्यांचा झाला म्हणून तपासलं. विषाणू निगेटिव्ह, आणि लसीची ताकद अंगात भरपूर. डॉक्टर अश्विनी म्हणाल्या, "काकू, एकदम फर्स्ट क्लास." आमच्या घराला कोणीतरी निगेटिव्ह म्हटलं आणि मी मजलाभर संदेश मिठाई वाटली, असं पहिल्यांदाच झालं. खालच्या माशीमांनी विचारलं, पास झाला? म्हटलं, चार पिढ्यांत पहिला.

नूपुर रिपोर्ट हातात घेऊन बाल्कनीत उभी होती. मला वाटलं, रडणार. तिने त्याची घडी घातली आणि म्हणाली, "आईला पाठवू या. पोथीत ठेवायला." तो सोबत आहे. जुना कागद काढून टाका आणि हा ठेवा. वाचन चुकवू नका.

आता तुमच्या तक्रारीबद्दल. फोनवर म्हणालात, माझं ताट तिथेच राहिलं, कोणी येत असेल तर पाठवा. ते मिळणार नाही. दुर्गापूजेच्या गर्दीत तुम्ही आलात आणि दारातच थबकलात. नूपुरने बाळ तुमच्या हातात दिलं. तुम्ही पिशवी सोडली, ताट खणखणत जिन्यावरून खालच्या मजल्यापर्यंत गेलं. कोणी आणायला गेलं नाही. सलीलने दोन दिवसांनी आणून दिलं, मासळीच्या पिशवीत.

त्याच ताटात ऋषभ आता जेवतो. दुसऱ्यात वाढलं तर फेकतो. "सौ. विमल शशिकांत" जिथे कोरलंय तिथे वरणभात अडकतो, तो बोटाने कोरून कोरून काढतो. काल मी घास उचलायला गेले त्या ताटातून, तर माझ्या हातावर मारलं.

तुमच्यावर गेलाय.

शकुन